डब्यावरच्या दोन खुणा

बिरदेवच्या घरात टीव्ही नवा होता आणि आवाज जुना. म्हणजे झालं असं, की भिंतीवरचा तो पातळ टीव्ही आणला तेव्हा चित्र इतकं लख्ख दिसायला लागलं की मालिकेतल्या सासूच्या नथीचे मोती मोजून घ्यावेत. पण त्याची आवाजाची तोंडं मागच्या अंगाला. त्याला जे बोलायचं ते तो भिंतीशी बोलायचा आणि समोर बसलेल्यांनी आपापल्या परीनं समजून घ्यायचं. माणूस टीव्ही घेताना डोळ्यांनी घेतो, कानांनी घेत नाही, हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असावं.

बाकीच्यांचं भागत होतं. भागत नव्हतं ते आप्पांचं. बिरदेवचे वडील, भिमा आप्पा, यांचे कान ढोलानं खाल्ले होते. गावात, न्हावऱ्यात, आणि आसपासच्या वस्त्यांवर धनगरांची गजी नाचायची म्हटली की ढोल आप्पांच्याच गळ्यात. मेंढरं होती तेव्हाही, आणि मेंढरं विकून गाई घेतल्या, ऊस लावला, त्यानंतरही. हातात रुमाल घेतलेले गडी गोलात नाचायचे, आणि पाऊल कधी बदलायचं ते ढोलावरच्या एका मोठ्या ठोक्यानं ठरायचं. तो ठोका आप्पांचा. जन्मभर तो त्यांनी स्वतःच्याच कानाखाली मारला आणि म्हातारपणी त्याचं काय व्हायचं ते झालं.

दौंडच्या डॉक्टरांनी नस वाळली म्हणून सांगितलं आणि कानात घालायचं मशीन दिलं. ते आप्पांनी आठवडाभर घातलं. "कानात भुंगा सोडल्यागत हुतंय," म्हणाले आणि काढून देवळीत ठेवलं, देवांच्या मागं. मग बिरदेवनं हेडफोन आणला. आप्पांच्या डोक्याला लाल पटका. तो ते झोपतानाच काढायचे, तेही दिवा मालवल्यावर. पटक्यावरून हेडफोन बसेना, आणि खालून घालायचा तर पटका उतरवावा लागतो. सुनेसमोर उघड्या डोक्यानं बसायला आप्पा काही केल्या तयार होईनात. हेडफोनचा विषय तिथंच संपला.

तेव्हा बिरदेवला माळ्यावरचा ॲम्प्लिफायर आठवला. कारेगावच्या कंपनीत लागल्यावर पहिल्याच दिवाळीला त्यानं तो हौसेनं घेतला होता. चांगला हाय-फाय, उचलताना कंबर आठवावी इतका जड, पुढं चांदीच्या रंगाचं मोठं गोल बटण, आणि जोडीला कमरेएवढे दोन स्पीकर. पुढं लग्न झालं, सुषमाची माहेरची भांडी ठेवायला जागा हवी होती, आणि ॲम्प्लिफायर पोत्यात गुंडाळून वर गेला. आता तो खाली आला, पुसला गेला, टीव्हीच्या पाठीतून एक वायर त्याच्या पाठीत गेली, आणि पहिल्याच संध्याकाळी आप्पा हसले. "आता कशी माणसं बोलाया लागली," म्हणाले. टीव्ही आल्यापासून टीव्हीबद्दल ते पहिल्यांदाच काही चांगलं बोलले होते.

तेव्हापासून घराला एक नेम लागला. धारा काढून झाल्या, डेअरीत दूध गेलं, की आप्पा खुर्चीत, आई शेजारी खाटेवर, मधे चहाचे कप. मालिका चालू व्हायची. मधेच आवाज धाडकन उठला की आप्पा आईकडं झुकायचे आणि विचारायचे, "काय झालं गं?" मग आई, सखूबाई, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. कुणी कुणाचे दागिने लपवले, कोण जिन्यावरून पडलं आणि कुणी ढकललं. सांगताना ती आपल्या पदरचंही थोडं घालायची. आप्पा "असं व्हय" म्हणायचे, मग तीही रंगात येऊन आणखी सांगायची.

बिरदेवनं लहानपणी या दोघांना असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मेंढरांमागं फिरताना नवराबायकोला बोलायला सवड कुठली. आप्पा कळपाबरोबर पुढं, आई घोड्यावर बिऱ्हाड लादून मागं, आणि रात्री दोघंही मेल्यासारखी झोपलेली. आता म्हातारपणी त्यांना बोलायला विषय मिळाला होता. मग तो दुसऱ्याच्या दागिन्यांचा का असेना. बिरदेवला ते बघून बरं वाटायचं, आणि ॲम्प्लिफायर आपण आणला याचा थोडा तोराही चढायचा.

गेल्या दिवाळीनंतर आईला लकव्याचा झटका आला. दवाखान्यातून ती काठी टेकत का होईना, आपल्या पायानं घरी आली. डावा हात जरा मागं राहिला, जीभ जरा जड झाली, पण निभावलं असं सगळ्यांना वाटलं. आणि एका संध्याकाळी मालिकेतली सून हळू आवाजात रडत होती, तिचं रडणं आप्पांपर्यंत पोचावं म्हणून आवाज वाढवलेला होता, आणि जाहिरात लागली. कपडे धुवायच्या साबणाची. घराचा पत्रा थरथरला. आईचं डावं अंग ताठ झालं, हात वर उडाला आणि ती खाटेवरून खाली खांद्यावर आदळली.

डॉक्टरांनी सांगितलं ते समजायला अवघड नव्हतं. मेंदूतली एक जागा हुळहुळी झाली आहे, अचानक मोठा आवाज झाला की अंग असंच आखडणार. गोळ्या दिल्या, पण त्या गोळ्यांनी आई दिवसभर गुंगीत पडून राहायला लागली म्हणून कमी कराव्या लागल्या. "आवाज सांभाळा," डॉक्टर म्हणाले. "या वेळी खांद्यावर निभावलं. खुबा मोडला, तर त्या परत उठायच्या नाहीत."

घरी येताना गाडीत आईनं बिरदेवचा हात धरला.

"त्यांला सांगू नगंस."

"काय?"

"आवाजानं हुतंय म्हून. सांगितलंस तर टीव्ही बंद करत्याल. मग बसत्याल भिताडाकडं बघत." थोडा वेळ ती जिभेशी झगडत राहिली. "तोल गेला म्हून सांग."

बिरदेवनं तसंच सांगितलं. आप्पांनी मान हलवली आणि आईच्या खाटेचे पाय स्वतः तपासले, एक पाय जरा आखूड निघाला तर त्याखाली लाकडाची चीप सारली. त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. बिरदेवच्या लेखी तो तिथून सुरू झाला. एका बाजूला आईचं अंग, दुसऱ्या बाजूला आप्पांचे कान, आणि दोघांना एका खोलीत एकत्र ठेवायचं. त्याला दुसरं काही नको होतं.

सरळ उपाय सगळे करून झाले. वायर काढली तर आप्पा टीव्हीपुढं अनोळखी पाहुण्यासारखे बसायला लागले. आईची खाट आतल्या खोलीत नेली तर ती लगेच काठी टेकत बाहेर. "मी काय बाळंतीण हाय का आत बसायला," म्हणाली आणि आपल्या जागेवर येऊन बसली. सुषमानं मोबाईलवर व्हिडिओ बघून टीव्हीच्या पोटात खोल कुठंतरी आवाज आपोआप सारखा ठेवायची सोय शोधून काढली. आईला मुद्दाम ओट्यावर बसवून दोघं नवराबायको जाहिरातीची वाट बघत बसले. जाहिरात लागली आणि पत्रा पुन्हा थरथरला. ती सोय टीव्हीच्या स्वतःच्या तोंडांपुरती होती. वायरीतून बाहेर जाणाऱ्या आवाजाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. रिमोटचंही नव्हतं. रिमोट दाबून अंगठा दुखला तरी ॲम्प्लिफायर आपल्याच तोऱ्यात.

शेवटी बिरदेव स्वतः बटणापाशी बसायला लागला. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तो संध्याकाळी घरी असायचा. स्पीकरशेजारी पाट टाकून, एक हात बटणावर ठेवून, त्यानं मालिकांचा जो अभ्यास केला तो आयटीआयला केला असता तर आज सुपरवायझर असता. जाहिरातीच्या आधी सुनेचा चेहरा तीनदा तीन बाजूंनी दाखवतात. मग क्षणभर सगळं थांबतं. त्या क्षणात बटण डावीकडं पिळायचं. जाहिरात संपली की उजवीकडं. काही चॅनेलवाले तो क्षणही देत नाहीत, बोलता बोलता वाक्याच्या मधेच साबण येतो. आणि मालिकेतसुद्धा कुणी कुणाच्या कानफटात मारली की आभाळ कोसळल्यासारखं संगीत वाजतं, त्याला तर काहीच आगाऊ सूचना नसते.

आप्पांना वाटायचं, पोराला मालिकांचं वेड लागलंय. "कामावरनं आल्यावर जरा हातपाय हालवावं मान्सानं," ते म्हणायचे.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बटण सुषमाकडं. ती भाकरी थापता थापता चुलीपासून बटणापर्यंत पळायची. बटणावर पिठाची बोटं उमटलेली असायची. एकदा तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून ती पाठमोरी झाली आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागली. आईच्या हातातला चहा तिच्याच मांडीवर सांडला. बिरदेव कामावरून आला तेव्हा सुषमा दारातच बसलेली होती. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं आता," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिचा कणभरही दोष नव्हता.

सुट्टीच्या दिवशी बिरदेव दौंडला गेला. आयटीआयला त्याच्या बाकावर बसणारा ज्ञानदेव तिथं लग्नाकार्याला साउंड लावायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि गोदामाकडं बोट केलं.

"कंप्रेसर लाव."

"कंपनीत हाय की. त्याचं काय करू?"

"त्यो हवेचा. ह्यो आवाजाचा." ज्ञानदेवनं धूळ झटकून एक चपटा काळा डबा काढला. "आवाज वर उठला की ह्यो दाबतो. खाली बसला की उचलतो. नवरदेवाचा मामा माइक तोंडात घालून वरडला तरी आमचं स्पीकर ह्याच्यामुळंच वाचत्यात. टीव्ही आन् तुझ्या मशीनच्या मधी बसव. हे बटण बघ. जेवढं उजवीकडं, तेवढी आवाजाला मोकळीक. पार डावीकडं ठेव, समदं एका सपाटीला येतंय."

"आईच्या जिवाचा प्रश्न हाय," बिरदेव म्हणाला.

"घिऊन जा. आता लगीनसराई न्हाई."

त्या संध्याकाळी आईच्या खाटेभोवती गोधड्या अंथरून, सुषमाला तिच्याजवळ बसवून बिरदेवनं मालिका लावली. सून रडली, नेहमीपेक्षा स्पष्ट रडली. तिचा चेहरा तीनदा दिसला. मग साबण आला, आणि तोही सुनेइतक्याच हळुवार आवाजात कपड्यांबद्दल बोलायला लागला. आई डावा हात उजव्या हातात घट्ट धरून बसली होती. तिनं तो सावकाश सोडला. सुषमानं बिरदेवकडं पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं. कित्येक महिन्यांत बिरदेवला इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यानं पाट उचलून भिंतीला लावून ठेवला.

पुढचे काही आठवडे घरात शांतता होती. आईचं अंग एकदाही आखडलं नाही. सुषमाच्या भाकरी करपायच्या थांबल्या. बिरदेव कंपनीत चारचौघांना कंप्रेसरची महती सांगायला लागला. म्हणून असेल, किंवा पाळ्यांच्या रगाड्यात सापडला होता म्हणून असेल, एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

"मामा हल्ली संध्याकाळी गोठ्यातच असत्यात," सुषमा एकदा सासऱ्यांबद्दल म्हणाली.

"जर्सी गाय व्यायला झालीय ना, म्हून असत्याल," बिरदेव म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

जर्सी व्याली, कालवड झाली, खरवस खाऊन झाला, तरी आप्पा गोठ्यातच. पहिल्या पाळीचा आठवडा आला तेव्हा बिरदेवनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. खोलीत टीव्ही चालू होता, आवाज लोण्यासारखा मऊ. आई एकटीच खाटेवर बसलेली. आप्पांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे घड्या घालायला ठेवलेले होते.

तो गोठ्यात गेला. आप्पा त्याच्याकडं पाठ करून गव्हाणीच्या कडेवर बसले होते.

"आप्पा," त्यानं रोजच्या आवाजात हाक मारली.

गाईनं मान वळवली. आप्पांनी नाही.

त्यानं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. स्वयंपाकघराच्या दारात सुषमा आली, काय झालं म्हणून बघायला. रस्त्यानं चाललेल्या एका मोटरसायकलवाल्यानं वळून पाहिलं. आप्पा गाईच्या मानेवरची गोचीड काढत होते, ती त्यांनी काढली आणि पायाखाली चिरडली. बिरदेव फिरून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, तसा त्यांचा चेहरा उजळला.

"कवा आलास?"

"तुमी टीव्ही बघत न्हाई का आता?"

"व्हय व्हय," आप्पा म्हणाले. "घातली मघाशीच वैरण."

आप्पा अंदाजानं बोलत होते. समोरच्याच्या तोंडाकडं बघून, वेळ कोणती आहे, पोरगा कुठून आला आहे, यावरून ताडून ते उत्तर देत होते. किती दिवसांपासून देत असतील कोण जाणे. घरातले सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलायचे, हातवारे करून बोलायचे, त्यात ते खपून गेलं. एकाच छपराखाली राहून आपल्या बापाला बोलणं ऐकूच येत नाही हे आपल्याला गाईकडून कळावं, याची त्याला इतकी शरम वाटली की तो आप्पांच्या डोळ्यांत बघू शकला नाही.

आत येऊन तो आईजवळ बसला.

"तुला ठावं हुतं?"

आईनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "लय दिस झालं. टीव्हीतलं बोलणं त्यांला कवाच येत न्हाई ऐकू. येतो तो ठोका. आवाज धाडदिशी उठला की त्यांला वाटायचं, पाऊल बदाललं, कायतरी झालं. मग इचारायचे. मी कानाला तोंड लावून सांगायची." ती थांबली. लांब बोललं की जीभ अडखळायची. "तुझ्या डब्यानं समदं सपाट केलं. ठोकाच येत न्हाई, तर इचारत्याल काय? चार दिस बसले. मग गेले उठून."

"मग तू का न्हाई बोललीस?"

"तू एवढा दौंडला जाऊन आनलास," आई म्हणाली.

बिरदेवला आधी त्या डब्याचा राग आला, मग आप्पांचा, आणि शेवटी स्वतःचा. जे आईला सोसत नव्हतं, तेवढंच आप्पांना ऐकू येत होतं. तेवढंच त्यानं मोठ्या हुशारीनं दाबून टाकलं होतं.

तरी त्यानं हार मानली नाही. ज्ञानदेव म्हणाला होता, बटण जेवढं उजवीकडं तेवढी मोकळीक. म्हणजे मधे कुठंतरी एक जागा असणार, जिथं आप्पांना ठोका कळेल आणि आईचं अंग आखडणार नाही. ती जागा शोधायची. सुट्टीच्या दुपारी त्यानं मशीन साफ करायचं निमित्त करून आप्पांना खुर्चीत बसवलं आणि आईला सुषमाबरोबर शेजारच्या वस्तीवर धाडलं. मग डब्याचं बटण पार डावीकडून थोडं थोडं उजवीकडं नेत गेला. जाहिरात यायची, जायची. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. बटण जवळजवळ शेवटाला आलं तेव्हा पत्रा थरथरला आणि आप्पांची मान झटकन टीव्हीकडं वळली. मांडीवरचं त्यांचं बोट उठलं आणि एकदा खाली आपटलं. नंतर सवयीनं ते शेजारच्या खाटेकडं झुकले. खाट रिकामी होती. बिरदेवनं देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा ओल्या बोटावर घेतला आणि बटण होतं त्या जागी डब्यावर पिवळी खूण केली.

आईची परीक्षा त्यानं दुसऱ्या दिवशी घेतली. खाली गाद्या, चारी बाजूंना गोधड्या, सुषमानं मागून मिठी मारून धरलेलं. आप्पा उसाला पाणी द्यायला गेलेले. बटण डावीकडून जरा हललं, आईच्या पापण्या फडफडल्या. आणखी जरा हललं, बोटं आवळली. त्यापुढं अगदी थोडंसं, आणि तिचा डावा हात वर उडाला, सुषमाच्या गालाला लागला. बिरदेवनं झटक्यात टीव्ही बंद केला. आईला पाणी पाजून झाल्यावर त्यानं तिथं कुंकवाचं बोट लावलं.

पिवळी खूण आधी आणि लाल नंतर, अशी आली असती तर दोहोंच्या मधे बटण ठेवून सगळे सुखानं राहिले असते. लाल अगदी सुरुवातीला होती. पिवळी पार पलीकडच्या टोकाला. मधे जी जागा होती तिथं आईचं अंगही आखडायचं आणि आप्पांना ऐकूही यायचं नाही.

त्यानं ज्ञानदेवला फोन केला. ज्ञानदेवनं खूप विचार केला, आणखी दोन मशीनची नावं सांगितली, मग म्हणाला, "त्यापरीस असं कर. दोघांला दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून दे." बिरदेवनं बरं म्हणून फोन ठेवला. तो डब्यापुढं पाटावर बसला. कंपनीत मशीन बिघडलं की कुणाला तरी बोलावता येतं. इथं मशीन बिघडलेलंच नव्हतं.

आई काठी टेकत त्याच्यामागं येऊन उभी राहिली होती.

"लाल कुनाची?" तिनं विचारलं.

"तुझी."

"आन् पिवळी त्यांची?"

"व्हय."

ती वाकून बघत राहिली. "मग पिवळीवं लाव."

"आई, डॉक्टर काय म्हनले ते ऐकलंस ना तू?"

"पडायचं न्हाई म्हनले. मग नगं पडू दिऊस." तिनं खाटेकडं काठी केली. "मला बांध तिला."

बिरदेव नको म्हणाला. हात जोडले, आवाज चढवला, शेवटी लहान पोरासारखा रडला. सुषमानंही समजावून पाहिलं. आई ऐकत राहिली, आणि त्यांचं संपल्यावर म्हणाली, "जल्मभर त्यांच्या मागनं चालले. मोहरं कुठं थांबायचं ते त्यांनी इचारलंसुदिक न्हाई कवा. आता कुठं इचाराया लागलं हुतं, काय झालं गं म्हून. ते तू बंद केलंस. माझं अंग मी बघते." ती हट्टाला पेटली की तिच्यापुढं कुणाचं चालत नसे, हे बिरदेवला ठाऊक होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्याच्याकडं दुसरं काही उरलंही नव्हतं.

सुषमानं आईचंच एक जुनं लुगडं काढलं, धुवून धुवून मऊ झालेलं. ते तिच्या कमरेवरून आणि छातीवरून घेऊन खाटेच्या बाजूला गाठ मारली. हातात चहा द्यायचा नाही असं ठरलं. बिरदेव गोठ्यात गेला आणि आप्पांना हाताला धरून घेऊन आला. खुर्चीवरचे कपडे उचलले. आप्पांनी खाटेला बांधलेल्या बायकोकडं पाहिलं.

"ह्ये काय?"

"कंबरेला आधार," बिरदेव त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय."

हे आप्पांना खरंच कळलं, का त्यांनी नुसतीच मान हलवली, ते बिरदेवला ओळखता आलं नाही. ते वाकले आणि त्यांनी गाठ चाचपून पाहिली. "असली गाठ ऱ्हाती व्हय," म्हणाले. जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी सुनेची गाठ सोडली आणि मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीला मारायचे तशी, ओढली की आणखी आवळणारी गाठ स्वतःच्या हातानं मारली. दोनदा ओढून बघितली. मग समाधानानं खुर्चीत बसले. बिरदेवनं बटण पिवळ्या खुणेवर नेलं आणि त्याला तिथं उभं राहवेना म्हणून तो दारात जाऊन थांबला.

मालिकेतली सून रडली. तिचा चेहरा तीनदा दिसला. मग पत्रा थरथरला. आईचं अंग ताठ होऊन खाटेवर उसळलं, लुगडं ताणलं, खाट करकरली. गाठ राहिली. आप्पांचं सगळं ध्यान टीव्हीकडं होतं. त्यांचं बोट मांडीवर आपटलं, चेहरा खुलला, आणि ते खाटेकडं झुकले.

"काय झालं गं?"

आईचे दात आवळलेले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. सुषमा पुढं झाली, पण आईनं उजव्या हातानं तिला मागं सारलं. आप्पा आपला उजवा कान तिच्या तोंडाशी नेऊन थांबले होते. त्यांना घाई नव्हती. जीभ सुटायला बराच वेळ लागला.

"काय न्हाई," ती म्हणाली. "जाहिरात हाय."

"असं व्हय," आप्पा म्हणाले, खुर्चीत नीट टेकून बसले आणि पुढच्या ठोक्याची वाट बघायला लागले.